'सुजाता' : 'मुलीसारखी' आणि 'मुलगी'

बिमल रॉय दिग्दर्शित 'सुजाता' (१९५९) या हिंदी चित्रपटाचा उल्लेख अस्पृश्यताविरोधी चित्रपट म्हणून नेहमी केला जातो. सुबोध घोष यांच्या बंगाली कथेवर तो आधारलेला आहे. पटकीच्या साथीत आईवडील दगावलेली अस्पृश्य बालिका अभियंता उपेंद्रनाथ व त्यांची पत्नी चारू यांच्या घरी वाढते. त्यांची मुलगी रमा महाविद्यालयात शिकते. सुजाता घरकाम आणि बागेतील झाडे सांभाळते. पाहुण्यांसमोर चारू तिची ओळख 'मुलीसारखी' अशी करून देते. चित्रपटाचे सारे नाट्य या 'सारखी'त सामावले आहे.

मराठी अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे अशी बाब म्हणजे चारूच्या भूमिकेत सुलोचना आहेत. 'वहिनीच्या बांगड्या' (१९५३) मुळे हा चेहरा मराठी प्रेक्षकांना वात्सल्याचे दुसरे रूपच वाटत होता. उघड, कर्मठ विरोध ललिता पवार यांच्या वाट्याला आला आहे. तो ओळखण्यास सोपा आणि म्हणूनच काहीसा निरुपद्रवी ठरतो. पूर्वग्रहाचे खरे वास्तव्य मात्र प्रेमळ आईच्या मनात आहे. चारू दुष्ट नाही, ती मुलीला उपाशी ठेवत नाही; केवळ तिला जवळ घेताना तिचे हात अडखळतात. हे अडखळणे हीच या चित्रपटाची सर्वांत मोलाची कमाई होय.

सुजाताची निरागसता म्हणजे अज्ञान. स्वतःच्या जन्माविषयी तिला मोठेपणी कळते. परंतु नूतनच्या अभिनयात खाली झुकलेली नजर आणि आवरून घेतलेले शरीर त्याआधीच दिसते. मनाला न कळलेले देहाला कळलेले असते. ही सूक्ष्मता उत्तरार्धात टिकत नाही. जखमी चारूला सुजाताचेच रक्त जुळते आणि मगच ती 'मुलगी' होते. रक्ताला जात नसते हे सिद्ध करण्यासाठी ही योजना आहे, हे खरे. तथापि पूर्वग्रहाला कधी पुरावा लागला नाही; निरागसतेला मात्र तो स्वतःच्या रक्ताने द्यावा लागला. दिग्दर्शकाची करुणा येथे नकळत सवर्ण कुटुंबाच्या बाजूची होते.

चित्रपटाला गांधीविचाराचा आधार आहे. त्याच्या तीनच वर्षे आधी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली होती. त्या विचाराचा पडद्यावर मागमूस नाही. नागपूरची ती घटना वऱ्हाडातील गावोगावी पोहोचली. बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावी आज हा चित्रपट वर्गात दाखविल्यास, त्या परंपरेत वाढलेला विद्यार्थी सुजाताच्या सोशिकतेने हेलावण्यापूर्वी तिला महाविद्यालयात का पाठविले नाही, असे विचारील. तो प्रश्न रास्त आहे आणि चित्रपटाकडे त्याचे उत्तर नाही.

या संदर्भात कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१) आठवणे अपरिहार्य आहे. नागपूरच्या दलित कुटुंबातील ही मुलगी शिकली, तीही संस्कृत; आणि संस्कृतची प्राध्यापक झाली. मात्र नोकरी मिळाली ती विवाहानंतर. तिचे श्रेय सवर्ण आडनावाला गेले, कुमुद सोमकुवर त्यापासून वंचितच राहिली, ही सल त्यांनी नोंदविली आहे. 'सुजाता'च्या शेवटी नायिका अधीरशी विवाह करून त्याच्या घरी जाते. पावडे यांचे लेखन जेथून बोलू लागते, तेथे चित्रपट थांबतो.