पाणलोट यंत्रणेचे आधुनिकीकरण : साधनांचे की दृष्टीचे?

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील पाणलोट विकासाच्या शासकीय यंत्रणेविषयी गेल्या काही वर्षांत ‘आधुनिकीकरण’ हा शब्द वारंवार योजला जातो. उपग्रह प्रतिमा, भ्रमणध्वनीवरून कामांची अक्षांश-रेखांशासह छायाचित्रे, संगणकीय ताळेबंद या साऱ्यांचा त्यात समावेश होतो. ही साधने आवश्यक आहेत, याविषयी दुमत नाही. तथापि साधने बदलली म्हणजे यंत्रणा बदलली, असे मानता येईल का? प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :
१९७२ च्या दुष्काळाने राज्यातील मृद व जलसंधारणाच्या कामांना मोठी चालना दिली. रोजगार हमी योजनेतून बांधबंदिस्ती, पाझर तलाव, नाला बांध अशी कामे झाली. मात्र त्यांचा हेतू प्रामुख्याने मजुरी पुरविण्याचा होता. १९८३ मध्ये सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम सुरू झाला आणि सुटी कामे एका पाणलोटात गुंफण्याचा विचार शासकीय पातळीवर मान्य झाला. १९९२ मध्ये सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना स्वतंत्र जलसंधारण विभाग स्थापन झाला. २०१७ मध्ये कृषी विभागाकडील मृदसंधारणाची जबाबदारी त्यास जोडून ‘मृद व जलसंधारण विभाग’ अस्तित्वात आला आणि त्याचे आयुक्तालय औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे वाल्मीच्या परिसरात आले. केंद्र पुरस्कृत पाणलोट प्रकल्पांसाठी पुण्यात वसुंधरा पाणलोट विकास यंत्रणा आहे, तर भूजलाच्या नोंदी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहेत. सारांश, पाणी एकच असले तरी त्याच्या वह्या अनेक कार्यालयांत विभागलेल्या आहेत.

चिकित्सा :
पहिला आक्षेप नियोजनाच्या एककाविषयी आहे. पाणी गावाची शीव ओळखत नाही. ते माथ्यावरून पायथ्याकडे जाते. म्हणूनच ‘माथा ते पायथा’ हे पाणलोट विकासाचे मूलभूत तत्त्व ठरले. प्रत्यक्षात निधी, उद्दिष्ट आणि अहवाल गावनिहाय किंवा तालुकानिहाय असतात. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाचे उद्दिष्टच दरवर्षी ५,००० गावे टंचाईमुक्त करण्याचे होते. वरच्या गावाने नाला अडविला तर खालच्या गावाच्या विहिरींचे काय होते, हा प्रश्न अशा आराखड्यात विचारलाच जात नाही.

दुसरा आक्षेप कामांच्या निवडीविषयी आहे. माथ्यावरील सलग समतल चर आणि वनीकरण ही कष्टाची, विखुरलेली व चटकन न दिसणारी कामे आहेत. नाला खोलीकरण मात्र यंत्राने काही दिवसांत होते आणि छायाचित्रात उठून दिसते. माथ्यावर उपचार झाले नसतील तर वरून येणारी माती तोच नाला पुन्हा भरून टाकते. शिवाय, शिरपूर परिसरात तापीच्या जाड गाळथरात जे साधले, ते दख्खनच्या कठीण बेसाल्टमध्ये जसेच्या तसे साधेल असे नाही. तेथे खोल खोदकामाने पुनर्भरण होण्याऐवजी उथळ जलधरातील पाणीच उघडे पडण्याचा धोका असतो. छायाचित्र काम झाल्याचा पुरावा देते, पाणी मुरल्याचा नाही.

तिसरा आक्षेप मूल्यमापनाविषयी आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा जलयुक्त शिवार अभियानावरील अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात मांडला गेला. सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च होऊनही पाण्याच्या गरजा भागविण्यात व भूजलपातळी वाढविण्यात अभियानाचा परिणाम अल्प असल्याचे त्यात नमूद आहे. या निष्कर्षावर राजकीय वाद झाला. तो येथे बाजूला ठेवू. अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, पर्जन्यमानाचा प्रभाव वेगळा काढून कामाचा परिणाम दाखविणारी, सर्वांना पडताळता येईल अशी आकडेवारी हाताशी असती तर हा वाद मतांचा न राहता पुराव्यांचा झाला असता. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आयआयटी मुंबईच्या साहाय्याने गावाचा पाणी ताळेबंद मांडण्याची पद्धत विकसित झाली. हे पाऊल निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु ताळेबंदात तूट दिसली तरी उसाची लागण आणि नव्या कूपनलिका थांबत नसतील, तर तो ताळेबंद कागदावरच राहतो.

येथे हिवरे बाजारचे उदाहरण बोलके ठरते. तेथे पाणी अडविण्याइतकेच महत्त्व ते वापरण्याच्या नियमांना दिले गेले : सिंचनासाठी कूपनलिकांना मनाई आणि उपलब्ध पाण्यानुसार पिकांची निवड. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने तर जमिनीनुसार नव्हे, कुटुंबातील माणसांनुसार पाणी दिले आणि भूमिहीनांचाही हक्क मान्य केला. आधुनिकता काळाने नव्हे तर विचाराने मोजायची झाल्यास, १९७० च्या दशकातील हा प्रयोग आजच्या अनेक संगणकीय प्रणालींहून अधिक आधुनिक म्हणावा लागेल.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, पाणलोट यंत्रणेचे आधुनिकीकरण आतापर्यंत मुख्यत्वे नोंदींचे झाले आहे, निर्णयप्रक्रियेचे नाही. यापुढे आराखड्याचे एकक पाणलोट असावे, विविध कार्यालयांतील नोंदी एकत्र व खुल्या असाव्यात, देखभालीची तरतूद मूळ अंदाजपत्रकातच असावी आणि महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मधील वापराच्या नियमनाशी पाणलोटाची कामे जोडली जावीत. ग्रामीण महाविद्यालयांतील भूगोल, अर्थशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांनी आपल्या परिसरातील एकेका पाणलोटाच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या, तर यंत्रणेच्या दाव्यांना स्वतंत्र पडताळणी मिळू शकेल. उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या स्त्रीची पायपीट किती कमी झाली, हीच अखेर आधुनिकीकरणाची कसोटी आहे. आणि ती मोजण्यासाठी उपग्रहापेक्षा गावात जाणाऱ्या माणसाची अधिक गरज आहे.