नोटा आणि नोट्स

गेली बावीस वर्षं मी बँकेत नोटा मोजतो. त्यामुळे कन्येनं परवा ‘बाबा, नोट्स हव्यात’ म्हटल्यावर माझा हात सवयीनं पाकिटाकडे गेला.

‘पैसे नकोत हो! सिग्राफच्या कोर्स नोट्स!’

सिग्राफ हा संगणकावर चित्रं काढणाऱ्यांचा मेळा. १९७४ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी पहिला भरला. तिथे तज्ज्ञ मंडळी शिकवण्या घेतात आणि त्यांची टिपणं देतात. पूर्वी त्यांचं छापील बाड असे. जाणाऱ्यानं ते उरापोटी धरून विमानातून आणावं आणि न जाणाऱ्यानं झेरॉक्ससाठी त्याच्याकडे खेटे घालावेत. मग तबकड्या आल्या. आता तबकडी मिळाली तर ती चालवायचं यंत्र घरात नाही. कन्येच्या एका सीनियरकडे म्हणे सगळं होतं, पण ‘शोधून देतो’ याच्या पुढे गाडी सरकेना. आमच्या काउंटरवरही हे वाक्य चालतं, म्हणून मी गप्प बसलो.

पण शोधायला बसलो तेव्हा कळलं की सीनियरची मनधरणी करायची गरजच नव्हती. मेळा भरवणाऱ्या एसीएम या संस्थेनं १९५१ ते २००० पर्यंतचं आपलं दप्तर २०२२ मध्ये सगळ्यांना खुलं केलंय. नंतरच्या कित्येक नोट्स लिहिणाऱ्यांनीच फुकट ठेवल्यात.

फुकट मिळालं म्हणून नावं ठेवू नयेत, हे मला मान्य नाही. यांतल्या निम्म्या नोट्स या नोट्सच नव्हेत. व्याख्यानात पडद्यावर दाखवलेल्या पाट्या एकापुढे एक डकवलेल्या. एका पानावर तीन शब्द आणि एक बाण. पुढच्या पानावर काळा चौकोन, तिथे म्हणे चित्रफीत होती! सत्यनारायणाला न आलेल्याकडे प्रसादाऐवजी निमंत्रणपत्रिका पाठवावी, तसला प्रकार.

याला सणसणीत अपवाद म्हणजे विटकिन आणि बराफ यांच्या नोट्स. २००१ सालच्या, पिक्सारच्या. यांत माणसं चक्क वाक्यं लिहितात! ऑयलरची रीत मला, एका बी.कॉम.ला, यांतून समजली. कणाला वर्तुळात फिरवायचंय. त्यानं आता जिकडे तोंड आहे तिकडे सरळ एक पाऊल टाकायचं, थांबायचं, पुन्हा दिशा विचारायची. गंमत अशी की दर पावलाला तो वर्तुळाच्या जरासा बाहेर पडतो आणि घरंगळत दूर दूर जातो. पाऊल लहान केलं तर चूक कमी होते, संपत नाही. मला एकदम आमचा कॅशचा ताळा आठवला. सकाळचे पाच पैसे संध्याकाळपर्यंत असेच कुठल्या कुठे जातात.

पुढे घट्ट वस्तूंच्या प्रकरणात मात्र क्वाटर्नियन नावाचा चार आकड्यांचा प्राणी निघाला आणि मी चष्मा काढून ठेवला. दोष लेखकांचा नव्हे. पण तिथे एखादं घरगुती उदाहरण दिलं असतं, तर काय बिघडलं असतं?

कन्येला दोरीवरचा टॉवेल पडद्यावर हलवून दाखवायचा होता, सोमवारी सादर करायचा होता. तिचा टॉवेल दर वेळी दोन झोके घेऊन फाटका पतंग होई आणि अंतराळात निघून जाई. पोरगी चार दिवस नीट जेवली नव्हती. मी भीत भीत म्हटलं, ‘अगं, पाऊल मोठं पडतंय का तुझं?’

तिनं माझ्याकडे पाहिलं. असं तिनं दहावीनंतर पाहिलं नव्हतं. मग आकडा बदलला. टॉवेल हलला, डुलला आणि दोरीवरच राहिला!

‘आई, बघ!’ ती ओरडली.

हिनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. ‘छान आहे. आणि खरा टॉवेल बाहेर पावसात भिजतोय, तो कोण आणणार?’

मी उठलो.