शमुवेलाची अर्धी गोष्ट

कुटुंबाने एकत्र बसून धर्मग्रंथ वाचण्याची चाल महाराष्ट्रास नवी नाही. शेजारच्या घरी हरिपाठ किंवा पोथी चालावी, तसे मराठी ख्रिस्ती घरांत सायंकाळी बायबलाचे वाचन होत आले आहे. हे वाचन सामान्य बायकांस व मुलांस दुर्बोध होऊ नये, म्हणून पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सोप्या मराठीत भाषांतर केले. त्या १९२२ साली वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनातून बाहेर पडला. भाषेची अडचण अशी पुष्कळ दूर झाली. आता प्रश्न उरतो तो मुलांस काय वाचून दाखवावे आणि कोठे थांबावे, हा.

विश्वासू पुढारी कोणास म्हणावे, हे शिकविण्यासाठी बालशमुवेलाची कथा नेहमी निवडली जाते. निवड उत्तम, परंतु मुलांच्या पुस्तकांत ती बहुधा अर्धीच असते. मंदिरात निजलेल्या बालकास हाक ऐकू येते, वृद्ध याजक एलीने बोलाविले असे समजून तो तीनदा त्याच्याकडे धावतो, आणि चौथ्या हाकेस देवाला ओ देतो. येथे एक गोड चित्र येते, गोष्ट संपते, व मुलांनी आज्ञाधारक असावे असे तात्पर्य निघते.

पण देवाने त्यास सांगितले काय? एलीचे पुत्र याजक असूनही लोकांच्या यज्ञांतील मांस दांडगाईने हिसकावून घेत, व बापाने त्यांस शब्दाने दटावले तरी अधिकारावरून दूर केले नाही. म्हणून त्या घराण्यावर आपत्ती येणार. हा निरोप ज्याच्याविषयी होता, त्याच्याच आश्रयास ते मूल राहत होते. सकाळी त्याने मंदिराची दारे उघडली खरी, पण सांगण्याचे धैर्य त्यास होईना. एलीनेच काही लपवू नको असे निक्षून सांगितले, आणि स्वतःविरुद्धचा निकाल शांतपणे ऐकून घेतला. या कथेचे मर्म आमच्या मते येथे आहे. जो भाग गाळला जातो, तोच खरा धडा होय.

कोवळ्या मनापुढे वडीलधाऱ्यांचे दोष मांडू नयेत, असा आक्षेप येईल. एलीच्या पुत्रांचा सर्वच दुराचार लहानग्यांस सांगावा, असे आम्हीही म्हणत नाही. मांस हिसकावण्याची गोष्ट त्यांस पुरेशी कळते. परंतु दोष झाकून शिकविलेला आदर मुलास मुके करतो. १९२४ पासून पुरत्या शंभर वर्षांनी, २०२४ च्या ऑगस्टात, शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराच्या तक्रारीवरून आमच्या बदलापुरात लोक रेल्वेमार्गावर उतरले. त्या दिवसानंतर, मोठ्यांनी मुलाचे बोलणे ऐकून घेणे हा केवळ बालसंगोपनाचा नाजूक विषय आहे, असे कोण म्हणेल? काही लपवू नको, हे एलीचे सांगणे प्रत्येक घरात उच्चारले गेले पाहिजे.

कथा येथेही संपत नाही. शमुवेल स्वतः न्यायाधीश झाला, आणि त्याचेही पुत्र लाच घेऊ लागले. ग्रंथकाराने आपल्या नायकाची ही नामुष्की झाकलेली नाही. पुढे उतारवयात शमुवेल सर्व लोकांसमोर उभा राहिला, आणि मी कोणाचा बैल अथवा गाढव घेतले, कोणावर जुलूम केला, कोणाची लाच घेतली, ते सांगा, मी भरून देतो, अशा अर्थाचे बोलला. लोकांनी त्यास निर्दोष ठरविले. पुढारीपणाची याहून सरळ कसोटी आम्हांस ठाऊक नाही. मराठी बायबलात असा सोपविलेला कारभार पाहणाऱ्यास 'कारभारी' हा आपला जुनाच शब्द आहे. आणि कारभाऱ्याने हिशेब द्यावयाचा असतो, हे मराठी मुलास वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

लोकलने उशिरा घरी परतणाऱ्या आईबापांस रोज लांबलचक वाचन होणार नाही, हे खरे. रोज एकच अध्याय वाचावा, पण गाळीव वाचू नये. आणि वाचून झाल्यावर मुलास प्रश्न विचारण्याची मुभा द्यावी. तो प्रश्न कधी वाचणाऱ्या बापाच्याच वागण्याविषयी असेल. तेव्हा पुस्तक मिटून त्यास गप्प न बसविणारा बाप विश्वासू पुढारीपणाचा अर्थ कोणत्याही विवेचनापेक्षा अधिक स्पष्ट करील.