इफिसची लांब पडलेली पावलं

प्राचीन ग्रीक-रोमन लोक लैंगिकतेबाबत फार मोकळे होते, असं रील्समध्ये सतत ऐकू येतं. पुरावा म्हणून कधी कधी ओविडच्या 'मेटामॉर्फसीस'मधली इफिस पुढे केली जाते. इसवी सन ८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या लॅटिन काव्याच्या नवव्या खंडात ती येते. गोष्ट मला फार आवडते. पण मोकळेपणाचा पुरावा म्हणून ती टिकत नाही.

क्रीट बेटावरचा लिग्डस गरीब आहे. मुलगी झाली तर मारायची, असं तो गरोदर बायकोला रडत रडत सांगतो. मुलगीच होते. आयसिस देवीच्या सांगण्यावरून आई तिला मुलगा म्हणून वाढवते. इफिस हे आजोबांचं नाव मुलगा-मुलगी दोघांनाही चालणारं, त्यामुळे निदान नावात तरी फसवणूक नाही, याचं आईला बरं वाटतं. तेराव्या वर्षी बाप तिचं लग्न इआन्थीशी ठरवतो. दोघींचा एकमेकींवर जीव जडतो. इआन्थी मात्र इफिसला मुलगाच समजते.

ओविडचं धाडस इथे आहे. दोघी वयाने सारख्या, रूपाने सारख्या, एकाच गुरूंकडे शिकलेल्या. त्या जगात प्रेम सहसा उतरंडीवर चालायचं. रोमन नागरिकाला पुरुषाचं आकर्षण वाटणं ही अडचण नव्हती, त्याने 'खालची' भूमिका घेणं ही बदनामी होती. दोन बरोबरीच्या मुलींचं प्रेम या उतरंडीत बसतच नाही. म्हणून इफिस स्वतःलाच दोष देते: गाय गायीवर भाळत नाही, क्रीटची राणी पासिफाई बैलावर भाळली, पण तो निदान नर तरी होता!

लग्नाच्या आदल्या दिवशी देवळातून बाहेर पडताना इफिसची पावलं लांब पडू लागतात, रंग रापतो, केस आखूड होतात. ती मुलगा होते. आजचे ट्रान्स वाचक इथे स्वतःला शोधतात, तो त्यांचा हक्कच आहे. पण त्याआधी इफिस विचारते, डेडलस आला तरी तो मला मुलगा करू शकेल का, की इआन्थीलाच बदलेल? दोघींपैकी कुणीही बदललं तरी तिला चालणार आहे. तिला हवी आहे ती इआन्थी.

देवी शरीर बदलते, बापाचा हुकूम तसाच राहतो. ज्या बरोबरीतून प्रेम उगवलं, ती बरोबरीही संपते. आपण एका मुलीवर प्रेम केलं होतं, हे इआन्थीला कुणी सांगत नाही. देवळातल्या पाटीवर एवढंच लिहिलं जातं, की नवस मुलीने बोलला आणि मुलाने फेडला. नकोशी मुलगी वाचली, पण मुलगी म्हणून नाही.