बेडकाचे शिर आणि क्रेमेनचा दावा

भ्रूणाचे शिर ‘घडविले’ जाते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. १९२४ साली हान्स श्पेमान व हिल्डे मान्गोल्ड यांनी न्यूटच्या भ्रूणाचा इवलासा तुकडा दुसऱ्या भ्रूणात रोविला आणि तेथे दुसरा देहाक्ष उभा राहिला. तेव्हापासून हा प्रघात दृढ झाला. झेनोपस या आफ्रिकी बेडकावरील पुढील संशोधनाने मात्र काहीसे उलट चित्र पुढे आणिले. विंट प्रथिनांचा संदेश पेशींस पोहोचला की त्या देहाच्या मागील भागाकडे वळतात. तो अडला तरच शिर. १९९८ मध्ये ख्रिस्तोफ नीर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रोधकाचा शोध लाविला व त्यास ‘डिकॉप्फ’ हे नाव दिले. (जर्मन भाषेत याचा अर्थ हट्टी मनुष्य, शब्दशः जाड डोक्याचा!) प्रतिपिंडाने हा रोधक निष्प्रभ करताच भ्रूणांची डोकी खुजी राहिली.

येथवर पुरावा भक्कम आहे. वाद आहे तो ग्राहींविषयी. पेशीपटलावरील एलआरपी-६ हा विंटचा सहग्राही असून डिकॉप्फ त्यासच बिलगतो. २००२ मध्ये क्रेमेन हा दुसरा ग्राही पुढे आला: डिकॉप्फला मध्ये धरून तो एलआरपी-६ ला पेशीच्या आत ओढतो, असे प्रतिपादन करण्यात आले. झेनोपसमध्ये क्रेमेनची निर्मिती रोखली असता शिराचा अग्रभाग खुंटला, हा त्यास आधार.

परंतु डिकॉप्फ-१ विरहित उंदरांत शिराचा अग्रभाग तयार होत नाही, हे २००१ मध्येच दिसले होते. उलट २००८ मध्ये दोन्ही क्रेमेन जनुके काढून टाकलेले उंदीर जगले, त्यांना पिलेही झाली. त्यांच्यात अस्थींचे प्रमाण मात्र वाढले. क्रेमेन अपरिहार्य असता, तर असे घडते ना. शिवाय २००७ च्या झेनोपसवरील कामात, डिकॉप्फ नसताना हाच क्रेमेन विंटच्या संदेशास साहाय्य करतो, असे आढळले. तेव्हा ‘शिराचा ग्राही’ हे बिरुद त्यास देणे घाईचे होय. परिस्थितीनुसार बाजू बदलणारा साहाय्यक, एवढेच आज म्हणता येते.

उंदीर व झेनोपस यांतील हा भेद जातिभेद आहे की प्रयोगपद्धतीचा, याचा निवाडा एकट्या झेनोपसवर होणार नाही. त्याची अंडी संप्रेरक टोचून वर्षभर मिळतात, म्हणून त्याचे राज्य चालले आहे. मायक्रोहायलासारखे आपल्याकडील लहान बेडूक पावसाच्या डबक्यांत अंडी घालतात. भिवंडीजवळील पूर्णा येथे, जेथे आता गोदामांच्या रांगा उभ्या आहेत, तेथे अशा तुलनेस लागणारे डबके शोधावयाचे तर ते पहिल्या पावसातच शोधावे लागेल.