‘उचल्या’ आणि हजेरीची वही

लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) भूक आणि चोरीची कहाणी म्हणून पुष्कळ वाचले गेले. मला ते पोलिसांच्या वहीविषयीचे पुस्तक वाटते. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले, हजेरी लावली. १९५२ साली कायदा गेला. ‘सराईत गुन्हेगार’ हा शिक्का नव्या कायद्यांत राहिला. म्हणून ‘उचल्या’त चोरी न करणाराही मारातून सुटत नाही. वऱ्हाडातही चोरी झाली की संशय आधी पारध्यांच्या बेड्यावर जातो.

२०१८पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही आहे. तीत न्यायालयाने दोषी ठरवलेलेच आहेत, आणि ती फक्त पोलीस यंत्रणेसाठी आहे. जन्म आणि दोषसिद्धी यांतला फरक मोठा आहे. पीडितांच्या सुरक्षिततेइतकाच तो जपावा. अमेरिकेत अशी यादी लोकांसाठी खुली असते. कित्येक ठिकाणी शाळेजवळ राहायलाही बंदी असते. उद्या इथे तसे झाले, तर शिक्षा भोगून आलेल्याला जठारपेठेत खोली कोण देईल? आणि ज्याला पत्ताच नाही, त्याच्यावर नजर तरी कशी राहणार? वहीतून नाव कधी उतरणार, हे ते चढवतानाच ठरले पाहिजे. ‘उचल्या’ पुन्हा वाचायचे ते यासाठी.