‘रक्ताभिसरण सुधारते’ म्हणजे नेमके काय?

गरोदरपणाविषयीच्या पुस्तिकांत आणि वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक स्तंभांत एक वाक्य हमखास भेटते: ‘पाण्यात बसल्याने शरीर हलके होते, त्यामुळे रक्ताभिसरण सुधारते व पायांची सूज उतरते.’ वाक्य पूर्ण खोटे नाही. मात्र त्यात कारण चुकीचे दिले आहे, आणि ‘सुधारते’ हा शब्द काहीच सांगत नाही. विज्ञान शिकवणाऱ्यांनी हे दोन्ही दोष तपासायला हवेत.

प्रथम कारण पाहू. शरीर हलके वाटते ते प्लावक बलामुळे. त्याने कंबर आणि गुडघे यांवरचा भार कमी होतो, गरोदर स्त्रीला आराम वाटतो, हे खरे. पण सूज उतरते ती पाण्याच्या दाबामुळे. पाण्यात दर 10 सेंटिमीटर खोलीला दाब पाऱ्याच्या सुमारे 7.4 मिलिमीटरने वाढतो; 1 मीटर खोलीवर तो सुमारे 74 होतो. आता शरीराच्या आत पाहा. स्तब्ध उभ्या माणसाच्या पावलातील नीलांमध्ये (शिरांमध्ये) रक्ताचा दाब सुमारे 90 मिलिमीटर असतो, कारण हृदयापासून पावलापर्यंत रक्ताचा उंच स्तंभ उभा असतो. रक्ताची घनता पाण्यापेक्षा किंचितच जास्त आहे. म्हणून खांद्यापर्यंत पाण्यात उभे राहिले, की आतला वाढता दाब आणि बाहेरचा वाढता दाब जवळजवळ बरोबरीत येतात. पायात साचलेले रक्त वर, छातीकडे ढकलले जाते आणि ऊतींमध्ये झिरपलेला द्रवही रक्तवाहिन्यांत परततो.

याचे मापन झालेले आहे. स्वीडनमधील अर्बोरेलियस आणि सहकाऱ्यांनी 1972 साली मानेपर्यंत पाण्यात बसवलेल्या निरोगी माणसांत छातीतील रक्त सुमारे 700 मिलिलिटरने आणि हृदय दर मिनिटाला बाहेर टाकते ते रक्त सुमारे 32 टक्क्यांनी वाढल्याचे नोंदवले. ताणलेली अलिंदे हे ‘रक्त जास्त झाले’ असे समजतात, संप्रेरकांमार्फत मूत्रपिंडांना तसा निरोप जातो आणि लघवी वाढते. सूज कमी होते ती या वाटेने.

गरोदरपणी हा परिणाम विशेष महत्त्वाचा ठरतो. शरीरातील एकूण रक्त साधारण 40 ते 50 टक्क्यांनी वाढलेले असते आणि वाढते गर्भाशय खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या नीलेवर दाब देते. अमेरिकेत कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी 1990 साली सूज असलेल्या गरोदर स्त्रियांत तीन उपायांची तुलना केली: अंथरुणावर विश्रांती, टबात कमरेपर्यंत पाणी आणि खांद्यापर्यंत पाणी. लघवीचे प्रमाण सर्वांत जास्त वाढले ते खांद्यापर्यंतच्या पाण्यात. मोजक्या स्त्रियांवरचा हा अभ्यास असला, तरी खोलीचे महत्त्व तो दाखवतो.

मग बादलीत पाय बुडवण्याच्या सल्ल्याचे काय? बादलीत 30 सेंटिमीटर पाणी धरा. तळाशी दाब जेमतेम 22 मिलिमीटर. खुर्चीत बसलेल्या स्त्रीचे पाऊल हृदयाच्या 80 सेंटिमीटर खाली असेल, तर तेथील रक्तस्तंभाचा दाब सुमारे 60 मिलिमीटर. बरोबरी होत नाही. शिवाय पाणी गरम असेल, तर त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पायात रक्त उलट जास्त येते. बरे वाटेल, पण त्याला ‘सूज उतरवणे’ म्हणता येणार नाही.

आता ‘सुधारते’ या शब्दाकडे वळू. छातीकडे येणारे रक्त वाढले म्हणजे वारेकडे जाणारे रक्तही वाढले, असा अर्थ होत नाही. ती स्वतंत्रपणे मोजायची गोष्ट आहे. पाण्याबाहेर आल्यावर रक्त पुन्हा पायांकडे उतरू लागते, म्हणजे परिणाम तात्पुरता आहे. हृदयविकार असलेल्या स्त्रीला हेच वाढीव रक्त भार ठरू शकते. फार गरम पाण्यात बराच वेळ बसल्याने आईच्या शरीराचे तापमान 39 अंश सेल्सिअसच्या वर जाणे गर्भाला, विशेषतः पहिल्या महिन्यांत, घातक ठरू शकते.

या ढिसाळ वाक्याची खरी किंमत वेगळीच आहे. पायांना थोडी सूज गरोदरपणी नेहमीची असते. पण विसाव्या आठवड्यानंतर चेहरा व हात सुजणे, सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही वाढत्या रक्तदाबाच्या गंभीर विकाराची लक्षणे असू शकतात. अशा वेळी ‘पाण्यात पाय ठेव, उतरेल’ असे सांगून रक्तदाब मोजायला चार दिवस उशीर झाला, तर आई आणि मूल दोघांच्या जिवावर बेतू शकते.

पाण्याचा दाब शिकवताना आपण धरणाची भिंत तळाशी जाड का, एवढ्यावर थांबतो. हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून, तिचे तोंड पाण्याबाहेर ठेवून हात बादलीत बुडवू द्या. पिशवी त्वचेला चिकटते, हे मुले स्वतः पाहतील. मग वरील वाक्य फळ्यावर लिहून विचारा: कोणता प्रवाह, किती खोल पाण्यात, किती तापमानाला, किती वेळ? ज्या सल्ल्याला ही चार उत्तरे देता येत नाहीत, त्याला विज्ञान म्हणू नये.